एक डबा, नुसता

एकाहत्तरच्या हिवाळ्यात जबलपूरच्या मराठी बायकांच्या डोक्याला एकच वास यायचा, आणि तो काही चांगला नव्हता. ‘कुंतलमोहिनी’ नावाचं हिरवं तेल होतं ते. लावलं की उशीचा अभ्रा हिरवा व्हायचा आणि नाही लावलं की कपाटात बाटल्यांची रांग वाढायची. एकाही बाईला ते नको होतं. तरी ते घरोघरी होतं, कारण त्या प्रत्येक घरात एक तान्हं मूल होतं.

तेलाचा आणि तान्ह्या मुलाचा काय संबंध, असं कोणी विचारील. तो संबंध बापूसाहेबांनी जोडला होता.

बापूसाहेबांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत कधीकाळी इकडे आलं आणि इथलंच झालं. ओमती भागात त्यांचं मोठं दुकान होतं. मराठी मंडळाचे ते अध्यक्ष, गणपतीची पहिली आरती त्यांची, आणि कोणाच्या घरचं लग्न त्यांच्याशिवाय लागायचं नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण तान्ह्या मुलांच्या दुधाच्या डब्याची सबंध जिल्ह्याची एजन्सी त्यांच्याकडे आली आणि त्या दिवसापासून त्यांचं डोकं वेगळं चालायला लागलं. नेपियर टाउनात दोन दुकानदार दुसऱ्या कंपनीचा डबा ठेवायचे. बापूसाहेबांनी त्यांना गोडीत निरोप धाडला की तो डबा फळीवर दिसला तर आमच्याकडून बिस्किटं नाहीत, साबण नाही, काहीच नाही. आठ दिवसांत फळ्या रिकाम्या झाल्या. पुढे लढाई सुरू झाली, रेल्वेच्या वाघिणी फौजेच्या मालाला लागल्या, आणि गावात एकच डबा उरला, बापूसाहेबांचा. मग त्यांनी त्या डब्याच्या गळ्यात स्वतःच्या शेडमध्ये बनणारं, चार वर्षांत कोणी न घेतलेलं तेल बांधलं. एका डब्याबरोबर दोन बाटल्या. नको असेल तर डबाही नाही.

प्रमोदिनी देवपुजारीला डबा लागायचाच. तिची ज्योती दसऱ्याच्या सुमारास झाली, आणि पोर महिन्याची होते न होते तोच प्रमोदिनीला टायफॉइड झाला. ताप उतरला तेव्हा अंगावरचं दूध गेलं होतं. गाईच्या दुधाने पोरीला जुलाब लागले. डॉक्टरांनी सांगितलं, हिला डब्याचंच द्या, दुसरं काही देऊ नका. तेव्हापासून दर बुधवारी प्रमोदिनी तोफांच्या सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरमधून रिक्षा करून ओमतीला जायची आणि नाक मुठीत धरून डबा आणायची. नवरा, रत्नाकर, फॅक्टरीत टर्नर. लढाईमुळे बारा-बारा तास खरादीचं यंत्र चालायचं. तो घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावलेला, सायकलच्या दिव्यावर अर्धा काळा रंग. अशा दिवसांत तेलाच्या बाटलीवरून कोण कटकट करणार? सगळ्याजणी मूग गिळून होत्या.

बापूसाहेब व्यवहाराला पक्के. उद्या कोणी बोंब मारली तर हाती काही असावं म्हणून त्यांनी काउंटरवर एक रजिस्टर ठेवलं. वर छापलेलं होतं, ‘मी हे तेल राजीखुशीने घेत आहे.’ खाली तारीख आणि सही. सही केल्याशिवाय मुनीम डब्याला हात लावायचा नाही.

पहिल्यांदा ते रजिस्टर समोर आलं तेव्हा प्रमोदिनीच्या मागे शेजारची शैलजा उभी होती, कडेवर तीन महिन्यांचा मुलगा घेऊन.

“आता काय करायचं वं?” शैलजा कुजबुजली. “यांचं नाव दुकानाच्या वहीत गेलं न, तर घरी महाभारत होईल. सरकारी नोकरी आहे.”

प्रमोदिनीला तेव्हा एक युक्ती सुचली. “माहेरचं लिही,” ती म्हणाली. “माहेरच्या नावाला कोण विचारून राहिलं?”

आणि तिने पेन उचलून झोकात सही केली, अंजनी अच्युत बोकारे. शैलजानेही आपलं जुनं नाव लिहिलं. चार दिवसांत ही युक्ती क्वार्टरभर पसरली. बापूसाहेबांच्या रजिस्टरात कुणाच्या सुना दिसेनात, सगळ्या लेकीच लेकी भरल्या. प्रमोदिनीला त्या सहीची एक चोरटी गोडी होती. वडील, अच्युतराव, वर्ध्याला शाळामास्तर होते. ते गेल्यापासून अंजनी म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. बुधवारी ओमतीला मिनिटभर का होईना ती अंजनी व्हायची.

तिचं सासरचं नाव कोणी ठेवलं, हेही इथेच सांगून टाकतो. रत्नाकरचे वडील तो लहान असतानाच गेले. लग्नानंतर नवी सून घरात आली, लक्ष्मीपूजनाला बसली, ताटात तांदूळ पसरले, आणि त्यात अंगठीने काय नाव काढायचं हे रत्नाकरला काही सुचेना. तेव्हा वडीलकीच्या नात्याने ताटाला हात लावून बसलेले बापूसाहेब म्हणाले, “प्रमोदिनी लिही रे. हसरी आहे पोरगी.” म्हणजे ज्याच्या दुकानात ती दर बुधवारी मान खाली घालून उभी राहायची, त्यानेच दिलेलं नाव ती अकरा वर्षं वागवत होती.

लढाई चौदा दिवसांत संपली, जिंकली. फॅक्टरीचा भोंगा त्या दिवशी पाच मिनिटं थांबला नाही. रत्नाकर घरी आला तो छाती पुढे काढून. “आपला माल होता तिथे,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. काचांवरचे काळे कागद निघाले. तेल मात्र गेलं नाही.

मग संक्रांत आली.

हळदीकुंकवाला दरवर्षी काहीतरी वाण लुटावं लागतं. प्रमोदिनीच्या मनात आलं, कपाटात बारा बाटल्या सडून राहिल्या आहेत, त्याच लुटू. नव्या आहेत, सीलबंद आहेत, कोणाला काय कळतंय? तिने सात बाटल्या धुऊनपुसून, कुंकवाचं बोट लावून वाटल्या. दुसऱ्या दिवशी ती शैलजाकडे गेली. शैलजाने तिच्या हातात तिळगूळ ठेवला, आणि वर कुंतलमोहिनीची बाटली. तिसऱ्या दिवशी पुष्पाकाकूंकडे गेली. पुष्पाकाकू साठीच्या, सून बाळंतपणात गेलेली, नातू डब्यावर वाढत होता. त्यांनीही बाटली दिली. रथसप्तमीपर्यंत प्रमोदिनीने सात बाटल्या लुटल्या होत्या आणि नऊ परत आल्या होत्या. त्यातल्या दोन तिच्याच होत्या, तिनेच लावलेल्या कुंकवाच्या बोटासकट.

ती ओसरीत बसून हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. सवाष्णींनी एकमेकींना काय द्यायचं, हेसुद्धा आता एका दुकानदाराने ठरवायचं? सोसण्याला काही सुमार असतो. तो सुमार त्या दिवशी संपला.

रत्नाकरचा धाकटा भाऊ विनय कचेरीत कारकून होता आणि संध्याकाळी वकिलीचं शिकायचा. बाटल्यांची रांग पाहून त्याने विचारलं, “वहिनी, हे काय दुकान उघडून राहिल्या तुम्ही?” प्रमोदिनीने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही.

“हे चालत नाही, वहिनी. नवा कायदा आला आहे, दोन वर्षंही नाही झाली. एक माल पाहिजे तर दुसरा घेतलाच पाहिजे, अशी सक्ती नाही करता येत. दिल्लीला मक्तेदारी आयोग बसला आहे त्यासाठीच.”

“मग त्या आयोगाला कसं कळणार?”

“तक्रार करायची. पण एकट्याची नाही चालत. पंचवीस ग्राहक पाहिजेत, नाही तर पंचवीस सभासदांची संस्था.”

संस्था होती. मराठी मंडळात पंचवीस सोडून दोनशे सभासद होते. पण अध्यक्ष बापूसाहेब, तेव्हा ती वाट बंदच. उरले पंचवीस ग्राहक.

रत्नाकरने जेवता जेवता घास खाली ठेवला. “काहून नसत्या भानगडी? मी सरकारी नोकर आहे. माझं नाव त्यात नको. आणि बापूसाहेब म्हणजे माझ्या वडिलांच्या जागी.”

“तुमचं नाव नाही न टाकत,” प्रमोदिनी म्हणाली. “डबा मी आणते, तेल मी आणते. ग्राहक मी आहे.”

“आणि उद्या त्यांनी डबाच बंद केला तर? पोरीला काय पाजशील?”

तिचीही रात्रंदिवस तीच धास्ती होती. ज्योती तिच्या मांडीवर मूठ चोखत पडली होती. प्रमोदिनीने तिच्या टाळूवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, “घरात डबा असताना भ्यायचं, नसताना भ्यायचं. मग सही करूनच भ्यालेलं काय वाईट?”

विनयने तक्रार टाइप करून आणली. पहिली सही प्रमोदिनीने केली, सरकारी कागदावर करतात तशी, सौ. प्रमोदिनी रत्नाकर देवपुजारी. मग ती कागद घेऊन दारोदार हिंडली. पहिल्या नऊ सह्या दोन दिवसांत झाल्या, पुढच्या नऊंना महिना लागला. कोणाची सासू आडवी आली, कोणाला मंडळाच्या नाटकात काम मिळायचं होतं. एका घरी तिला चहा दिला आणि दाराबाहेर पडताच कडी लावली. ती अशी कडी ऐकायची आणि पुढच्या दाराशी जायची. चोविसावी सही पुष्पाकाकूंची.

“मला लिहिता नाही येत, बाई,” त्या म्हणाल्या. “अंगठा चालते का?”

“चालते काकू.”

“मग दोन्ही घे. उजवा आणि डावा. एकाने नाही भागलं तर.”

पंचविसावी एका रेल्वे गार्डच्या बायकोने केली, आणि मार्चमध्ये रजिस्टर्ड टपालाने तक्रार दिल्लीला गेली. विनय पोचपावती खिशात घालून असा चालत होता की जणू त्याचंच लग्न ठरलं आहे.

एप्रिलमध्ये बापूसाहेबांना नोटीस आली. त्या बुधवारी मुनीमाने प्रमोदिनीला पाहून मान हलवली. “स्टॉक नहीं है, बहनजी.” त्याच्या मागे फळीवर डबे छतापर्यंत रचलेले होते. शैलजाला त्याच वेळी एक डबा मिळाला, तेलासकट. बंदी फक्त पहिल्या सहीवर होती. पहिली सही फिरली की बाकीच्या आपोआप गळतात, हे बापूसाहेबांना कोणी शिकवायला नको होतं.

संध्याकाळी ते स्वतः घरी आले. प्रमोदिनीने डोक्यावर पदर घेतला, पाणी दिलं. त्यांनी ज्योतीला मांडीवर घेतलं, तिच्या हातात दहाची नोट ठेवली आणि शांतपणे बोलले. त्यांचा आवाज नेहमीच गोड असायचा.

“सूनबाई, आपल्यातल्या गोष्टी दिल्लीला काहून न्यायच्या? चार ओळींचं पत्र लिहून दे की गैरसमज झाला होता. दर बुधवारी डबा घरपोच येईल. तेल नाही, सही नाही, काही नाही.”

“सगळ्यांना, बापूसाहेब?”

“तुला.”

घरात चार दिवसांची पावडर उरली होती. प्रमोदिनीने तेच आधी मनात मोजलं. आईच ती. हो म्हणावंसं तिला वाटलं, अगदी जिभेवर आलं. मग तिला पुष्पाकाकूंचे शाईने माखलेले दोन अंगठे आठवले. तिने ज्योतीला त्यांच्या मांडीवरून उचललं, नोट परत त्यांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला.

“नाही जमणार,” ती म्हणाली.

बापूसाहेब गेल्यावर रत्नाकर उठला. मग त्याने पायात चपला सरकवल्या. “मी कटनीला जाऊन पाहतो डबा मिळतो का,” एवढंच म्हणाला आणि निघाला. भांडण तिथे संपलं. कटनीला डबा मिळाला नाही, पण त्याचं जाणं तिला पुरलं.

चैत्रगौर बसली होती. बापूसाहेब येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी प्रमोदिनी शैलजाकडे हळदीकुंकवाला गेली, खरं तर जायचं म्हणून गेली. कैरीची डाळ झाली, पन्हं झालं. निघताना शैलजा म्हणाली, “थांब, ओटी भरते.” तिने तांदूळ घातले, हळकुंड घातलं, आणि वर कागदाची एक पुडी ठेवली. हाताला मऊ लागली. प्रमोदिनीने पुडी उघडली तर आत दुधाची पावडर, चार चमचे असेल.

“हे काय गं?”

“ओटी आहे. ओटीला नाही म्हणत नसतात.”

मग पुष्पाकाकू उठल्या. त्यांनीही पुडी घातली. मग गार्डची बायको, मग आणखी दोघी. जसं नारळ घालतात तसं एकेकीने घातलं. जिच्या घरी मोजून पावडर होती तिनेही आपल्या पोराच्या वाट्यातली दोन चमचे आणली होती. प्रमोदिनीचा पदर भरला. अकरा वर्षांत तिची ओटी कितीदा भरली असेल, पण पदर इतका जड तिला कधी लागला नव्हता. त्या दिवसापासून दर आठवड्याला कोणाकडे ना कोणाकडे काही तरी निमित्त निघायचं, आणि ज्योतीचा डबा भरत राहायचा. बापूसाहेबांच्या दुकानातूनच भरत होता तो, फक्त त्यांना ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये दिल्लीहून तपास अधिकारी आले. सिविल लाइंसमधल्या एका सरकारी बंगल्याच्या हॉलमध्ये त्यांनी टेबल मांडलं. चष्मा कपाळावर चढवायची सवय, कमी बोलणारे. पंचवीस बायका सात रिक्षा आणि तीन टांगे करून आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, आणि प्रत्येकीच्या पिशवीत सीलबंद बाटल्या. टेबल भरलं, मग खिडक्या भरल्या, मग बाटल्या जमिनीवर ठेवाव्या लागल्या. अधिकाऱ्यांनी एक उघडून हुंगली आणि लगबगीने बंद केली.

बापूसाहेब कोपऱ्यात खुर्चीवर ताठ बसले होते. त्यांचे वकील उठले आणि त्यांनी ते रजिस्टर टेबलावर ठेवलं.

“साहब,” ते हिंदीत म्हणाले, “सक्तीचा प्रश्न पुढचा. पहिला प्रश्न हा की या बाया माझ्या अशिलाच्या ग्राहकच नाहीत. डबा घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाची सही या रजिस्टरात आहे. तक्रारीतली ही पंचवीस नावं घ्या आणि शोधा. एकही सापडत नाही.”

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पान उलटलं, दुसरं उलटलं. प्रमोदिनीच्या पायाखालची जमीन सरकली. अंजनी. ती सगळी अक्कल तिचीच होती, आणि आता नेमकी अंगाशी आली होती. तिने विनयकडे पाहिलं. त्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं, त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मागे चोवीसजणी तिच्या भरवशावर बसल्या होत्या. रजिस्टरात माहेरचं लिहायची युक्ती त्यांच्यापर्यंत तिच्याकडूनच पोचली होती.

ती उभी राहिली. आवाज कापू दिला नाही.

“साहब, इसमें हमारे नाम हैं। मायके के हैं। हमारे में शादी के बाद नाम बदलता है, सिर्फ आडनाव नहीं, पूरा नाम। ये अंजनी अच्युत बोकारे मैं ही हूँ।”

वकील हसले. “म्हणजे पंचवीस बायका आणि पन्नास नावं? साहब, असं असेल तर रजिस्टरातलं कोणतंही नाव कोणाचंही होईल.”

अधिकाऱ्यांनाही ते जरा अतीच वाटलं असावं. “देखिए,” ते म्हणाले, “मैं ऐसे कैसे मान लूँ? कोई सबूत?”

प्रमोदिनीने कागद मागून घेतला आणि दोन्ही सह्या एकाखाली एक केल्या. मग शैलजा आली, तिने केल्या. मग एकेक. काहीजणींचा हात माहेरच्या नावाशी क्षणभर थबकायचा, मग भरभर चालायचा. मुख्य म्हणजे कोणी मान खाली घातली नाही. प्रत्येकीने आधी ते नाव मोठ्याने उच्चारलं आणि मग लिहिलं. ज्या नावांनी त्यांना आईबापांनी हाक मारली होती ती नावं त्या सरकारी हॉलमध्ये एकामागून एक ऐकू आली, आणि प्रमोदिनीला वाटलं, आता हरलो तरी चालेल. रजिस्टरात पुष्पाकाकूंचा नुसता अंगठाच होता; त्यांनी दोन्ही अंगठे उमटवले आणि म्हणाल्या, “माझं अंगठ्याचं नाव नाही बदललं, साहेब.”

अधिकारी कागद आणि रजिस्टर आलटूनपालटून पाहत राहिले. अक्षर जुळत होतं, पण ते काही हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हते, आणि तसं ते म्हणालेही. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कोपऱ्याकडे वळले.

“आप तो इसी समाज के हैं न? आप बताइए। ऐसा रिवाज है? ये महिला सच बोल रही हैं, या झूठ?”

वकिलांनी बापूसाहेबांच्या बाहीला हात लावला. आपण काही सांगू शकत नाही, एवढं म्हटलं की झालं. नाही म्हणायचीही गरज नव्हती. बापूसाहेब उठले. त्यांनी एकदा त्या पंचवीस बायकांकडे पाहिलं. बहुतेकींच्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या होत्या, आणि त्या सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या. विनवणी एकीच्याही डोळ्यांत नव्हती. परक्या अधिकाऱ्यासमोर आपल्याच घरची सून खोटारडी ठरते आहे आणि आपण गप्प बसायचं, हे त्या ताठ माणसाला झेपलं नाही. तोटा त्याला झेपला असता.

“रिवाज है,” ते म्हणाले. “और इसका ये नाम मैंने खुद रखा है। चावल में लिखवाया था, मेरे सामने। उसके पहले ये अंजनी थी।” मग थोडं थांबून म्हणाले, “हमारी औरतें झूठ नहीं बोलतीं, साहब।”

वकिलांनी फाइल मिटली. प्रमोदिनीला एकाच वेळी दोघांचा अभिमान वाटला, स्वतःचा आणि त्या म्हाताऱ्याचा, आणि दुसऱ्याचा वाटला म्हणून तिला थोडा रागही आला.

पुढचं सगळं कागदांवर झालं. बापूसाहेबांनी लिहून दिलं की डब्याबरोबर दुसरं काही विकणार नाही, आणि कोणत्याही दुकानदाराला दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायला मनाई करणार नाही. आयोगाचा तसा हुकूमही आला. नेपियर टाउनच्या फळ्यांवर पुन्हा दोन रंगांचे डबे दिसू लागले. रत्नाकरने हुकुमाची नक्कल फॅक्टरीत नेऊन अख्ख्या मशीन शॉपला वाचून दाखवली. ‘माझं नाव नको’ म्हणणारा हाच गृहस्थ. बायकोचं नाव कुठे आलं आहे ते तो बोट ठेवून दाखवत होता.

यात दसरा उजाडला. ज्योती वर्षाची झाली, मऊ भात आणि वरण खायला लागली, डबा सुटला. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो डबा आता घरात कोणालाच नको होता. तरी बुधवारी प्रमोदिनी रिक्षा करून ओमतीला गेली.

काउंटरवर पाटी होती, ‘डब्याबरोबर दुसरी कोणतीही वस्तू घेण्याची सक्ती नाही.’ रजिस्टर नव्हतं. मुनीम जेवायला गेला होता आणि बापूसाहेब स्वतः बसले होते. थोडे वाळले होते.

“ये,” ते म्हणाले. “काय देऊ?”

“एक डबा. नुसता.”

त्यांनी डबा काढून समोर ठेवला, फडक्याने पुसला. “नात तर आता भात खाऊन राहिली, असं ऐकलं.”

“खाते न. हा शैलजाच्या जावेसाठी आहे. परवाच बाळंत झाली, तिला ओटीत घालायचा आहे.”

बापूसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ओटीतल्या पुड्यांची गोष्ट त्यांच्या कानावर कधीतरी आली असणार. त्यांनी पावतीपुस्तक ओढलं, टाक शाईत बुडवला, आणि तो कागदावर टेकवण्याआधी थांबले.

“कोणतं नाव लिहू?”

तिने डबा उचलून काखेत धरला.

“तुम्ही ठेवलेलं लिहा,” प्रमोदिनी म्हणाली. “मी ते चांगलं नांदवलं आहे.”

त्यांनी ते पूर्ण लिहिलं, सौभाग्यवतीपासून आडनावापर्यंत, सावकाश, वळणदार अक्षरात. पावती फाडून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. प्रमोदिनी ती घडी घालून कमरेला खोचत बाहेर आली आणि रिक्षात बसली.